विश्लेषण : ऑम्लेट नव्हे, ‘तोर्तिया’! स्पॅनिश तापास घरी करताना तेल, अंडी आणि लसणाचं गणित काय?

बटाटा, कांदा, अंडी, तेल आणि मीठ. या पाच गोष्टी आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. याच पाच गोष्टींतून स्पेनचा सर्वांत लाडका पदार्थ तयार होतो. तरीही ‘घरी स्पॅनिश तापास’ असा बेत ठरला की आपली यादी सुरू होते ती महागड्या ऑलिव्ह ऑइलपासून, इम्पोर्टेड चीजपासून आणि डबाबंद ऑलिव्हपासून. रील्समध्ये दिसणारं चकचकीत ताट आणि स्पेनमधल्या गल्लीतलं खरंखुरं तापास यांत बरंच अंतर आहे. शिवाय अर्धकच्चं अंडं आणि तेलात बुडवून ठेवलेला लसूण या दोन गोष्टींबाबत रील्समध्ये सहसा अवाक्षरही नसतं. म्हणूनच तापास म्हणजे काय, त्यामागचं तंत्र काय, पैसे कुठे वाचवायचे आणि काळजी कुठे घ्यायची, हे समजून घेऊ.

तापास म्हणजे नेमकं काय?

तापास हे एखाद्या पदार्थाचं नाव नाही, ती खाण्याची पद्धत आहे. पेयासोबत येणारी छोटी डिश म्हणजे ‘तापा’ आणि त्याचं अनेकवचन ‘तापास’. आपल्याकडे ‘चखणा’ म्हणतात, त्याच्या जवळची ही कल्पना. फरक इतकाच, की स्पेनमध्ये तापास फक्त मद्यपींसाठी नसतं. दुपारच्या जेवणाआधी किंवा रात्री आठनंतर घरातली मोठी-छोटी माणसं मिळून बाहेर पडतात, एका ठिकाणी एक डिश खातात आणि पुढच्या ठिकाणी जातात. या भटकंतीला ‘तापेओ’ म्हणतात. आपल्या खाऊगल्लीत एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जावं, तसंच.

प्रांतानुसार रिवाज बदलतो. दक्षिणेतल्या ग्रानादा शहरात आजही पेय मागवलं की सोबत तापा फुकट येतो. उत्तरेकडच्या बास्क प्रांतात पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून त्यात काडी खोचतात. त्याला ‘पिंचो’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी ताटलीत उरलेल्या काड्या मोजून बिल होतं. ऑलिव्ह, लोणच्यातली हिरवी मिरची आणि अँकोव्ही मासा एका काडीत ओवलेला ‘हिल्दा’ हा सान सेबास्तियान शहरातला गाजलेला पिंचो. 1946 च्या ‘गिल्डा’ या हॉलिवूडपटावरून त्याला हे नाव पडलं.

‘झाकणा’ची गोष्ट खरी की दंतकथा?

‘तापा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झाकण. त्यावरून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली तेराव्या शतकातल्या दहाव्या अल्फोन्सो राजाची. आजारपणात तो वाइनसोबत थोडं थोडं खात असे आणि बरा झाल्यावर त्यानं खानावळींना तसा हुकूम दिला म्हणे. दुसरी तेराव्या अल्फोन्सोची. कादिसच्या समुद्रकिनारी वारा सुटला आणि वाळू पडू नये म्हणून वेटरनं राजाच्या ग्लासवर हॅमचा काप ठेवला. दोन्ही गोष्टी चविष्ट आहेत, पण त्यांना ठोस पुरावा नाही. ग्लासवर पावाचा किंवा मांसाचा काप ठेवून माश्या आणि धूळ रोखायची साधी सवय हेच अधिक पटणारं कारण वाटतं.

तोर्तियाला ऑम्लेट का म्हणू नये?

आधी नावाचा गोंधळ दूर करू. मेक्सिकोतली तोर्तिया म्हणजे मक्याची किंवा गव्हाची पोळी. स्पेनमधली ‘तोर्तिया दे पातातास’ म्हणजे बटाटा आणि अंड्याची जाड, गोल वडी. तिचे केकसारखे त्रिकोणी तुकडे करतात.

तिचा जन्म गरिबीतला आहे. बटाटा सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून स्पॅनिश जहाजांवरून युरोपात आला, पण तो ताटात रुळायला बराच काळ गेला. 1817 मध्ये नवारा प्रांतातल्या शेतकऱ्यांची हलाखी मांडणारं एक निवेदन तिथल्या प्रतिनिधीगृहाला दिलं गेलं. त्यात या पदार्थाचा उल्लेख सापडतो. पाच-सहा जणांना दोन-तीन अंडी पुरवायची, तर बायका त्यात बटाटा आणि पाव घालून ती जाडजूड करतात, असा त्याचा आशय. म्हणजे अंडी कमी म्हणून बटाटा आला. एका अंड्याच्या पोळीत बेसन किंवा कांदा वाढवून चौघांना पुरवणाऱ्या आपल्या घरांना हे गणित वेगळं सांगायला नको.

घरी करायची कशी? चौघांसाठी अर्धा किलो बटाटे, एक मध्यम कांदा, सहा अंडी, सुमारे 300 मिलीलीटर तेल आणि मीठ घ्या. तवा पसरट नको. 20 ते 22 सेंटिमीटरचा, कडा असलेला नॉनस्टिक पॅन हवा, नाहीतर तोर्तिया पातळ होते.

1. बटाटे सोलून तीन-चार मिलीमीटर जाडीच्या चकत्या करा. कांदा उभा चिरा. दोन्हीला मीठ लावा.

2. तेल मध्यम तापवून त्यात बटाटे-कांदा सोडा आणि आच मंद करा. इथेच खरी मेख आहे. बटाटा तळायचा नाही, तेलात शिजवायचा आहे. कडेने हलके बुडबुडे यावेत, तांबूस रंग येऊ नये. वीसेक मिनिटांत बटाटा झाऱ्यानं दाबला की मोडतो.

3. चाळणीत ओतून तेल निथळा. बहुतेक तेल परत मिळतं. ते करपलेलं नसल्यामुळे गाळून दुसऱ्या भाजीला चालतं.

4. अंडी फेटून त्यात गरम बटाटे मिसळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. बटाट्यातला स्टार्च या वेळात अंड्याशी एकजीव होतो आणि वडी कापताना तुटत नाही.

5. पॅनमध्ये चमचाभर तेल घालून मिश्रण ओता. मध्यम-मंद आचेवर चार-पाच मिनिटांनी कडा सुटल्या की पॅनवर ताट उपडं ठेवून झटक्यात उलटा आणि तोर्तिया पुन्हा पॅनमध्ये सरकवा. दुसरी बाजू तीन-चार मिनिटं होऊ द्या. थालीपीठ उलटण्याची सवय असलेल्यांना हे अवघड नाही. फक्त ताट पॅनपेक्षा मोठं हवं आणि हातात जाड फडकं हवं.

कांदा घालायचा की नाही, यावरून स्पेनमध्ये चक्क दोन तट आहेत. मिसळीत फरसाण की शेव, या वादाइतकाच हा वाद गंभीरपणे चालतो. कांद्यानं गोडवा आणि ओलावा येतो, न घातल्यास बटाट्याची चव ठळक होते. गालिसिया प्रांतातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया बिनकांद्याची आणि आतून जवळपास पातळ असते. आणि इथेच पुढचा प्रश्न येतो.

अंडं आतून पातळ राहिलं तर धोका आहे का?

आहे. अंड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. ते कवचावर असतात, तसेच कधीकधी आतही. त्यामुळे अंडं स्वच्छ दिसलं म्हणजे सुरक्षित, असं नाही. लक्षणं ताप, पोटात कळा आणि जुलाब. लहान मुलं, ज्येष्ठ, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा संसर्ग जड जातो.

स्पेननं हा धोका कायद्यात आणला आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजबाबत तिथे 1991 पासून नियम आहेत. डिसेंबर 2022 च्या शासकीय आदेशानुसार हॉटेलांमध्ये अंड्याचा पदार्थ आतपर्यंत 70 अंश सेल्सियसला दोन सेकंद किंवा 63 अंशांना 20 सेकंद तापला पाहिजे. तसं होत नसेल तर साध्या अंड्याऐवजी पाश्चराइज्ड अंडं वापरणं बंधनकारक आहे. थोडक्यात, तिथल्या नामांकित ठिकाणी आतून पातळ तोर्तिया मिळते तेव्हा त्यामागे नियमाप्रमाणे पाश्चराइज्ड अंडं असायला हवं. आपण किराणा दुकानातून आणतो ते अंडं तसं नसतं.

म्हणून घरी सरळ हिशेब ठेवा. मधोमध सुरी खुपसल्यावर पातळ अंडं चिकटून आलं तर आणखी दोन-तीन मिनिटं मंद आचेवर ठेवा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 70 अंश बघा. तडा गेलेली अंडी वापरू नका. स्पेनमध्ये तोर्तिया थंडही खातात, पण आपल्या उकाड्यात ती दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

मेयोनीज हवंच असेल तर त्यालाही बिनअंड्याचा स्पॅनिश पर्याय आहे. त्याचं नाव ‘लाक्तोनेसा’. एक वाटी थंड दुधाला दोन वाट्या तेल आणि मीठ घ्या. हँड ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करा आणि घट्ट होऊ लागल्यावरच हळूहळू वर उचला. दुधातली प्रथिनं तेलाचे थेंब धरून ठेवतात आणि सायीसारखा सॉस तयार होतो. लिंबू शेवटी पिळा, आधी नको. उरलं तर फ्रिजमध्येच ठेवा.

ऑलिव्ह ऑइलवर किती खर्च करायचा?

स्पेन हा जगातला सर्वांत मोठा ऑलिव्ह ऑइल उत्पादक देश. एकट्या हाएन प्रांतात डोंगरच्या डोंगर ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले आहेत. पण दुष्काळ आणि उष्णतेच्या लाटांमुळे 2022-23 च्या हंगामात तिथलं उत्पादन आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली, सुमारे 6.6 लाख टनांवर आलं. 2024 च्या सुरुवातीला स्पेनमध्येच लीटरमागे नऊ-दहा युरो मोजावे लागत होते. शेवटी जुलै 2024 पासून सरकारनं काही महिन्यांसाठी या तेलावरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. पुढच्या हंगामात पाऊस बरा झाला आणि उत्पादन पुन्हा 14 लाख टनांच्या घरात गेलं.

बाटली घेताना लेबल नीट वाचा.

- एक्स्ट्रा व्हर्जिन : फळं दळून, रसायनांशिवाय काढलेलं तेल. मुक्त मेदाम्लांचं प्रमाण 0.8 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. चव आणि वास सर्वाधिक.

- नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ किंवा ‘प्युअर’ : रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन मिसळलेलं. चव सौम्य.

- एक्स्ट्रा लाइट : इथे ‘लाइट’ म्हणजे रंग आणि चव फिकी. कॅलरी कमी नाहीत. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, ऑलिव्ह ऑइलही त्याला अपवाद नाही.

- पोमेस : रस निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या मदतीनं काढून रिफाइन केलेलं तेल. ते खाण्यायोग्य आहे, पण एक्स्ट्रा व्हर्जिनचा भाव त्याला देऊ नका.

‘एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये तळू नये’ असं सर्रास ऐकू येतं. चांगल्या प्रतीचं एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण 190 ते 210 अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं, तर तळण 170 ते 180 अंशांवर होतं. स्पेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यात तळतात. पण आपल्यासाठी प्रश्न परवडण्याचा आहे. स्पेनमधल्या घरांतही तळणीला सूर्यफूल तेल सर्रास वापरतात. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे ते कमी पडू लागलं, तेव्हा तिथल्या सुपरमार्केटनी माणशी किती बाटल्या घ्यायच्या यावर मर्यादा घातली होती. तेव्हा बटाटे सूर्यफूल तेलात करा आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची छोटी बाटली पावावर, सॅलडवर वरून घालायला ठेवा. जिथे ते कच्चं खाल्लं जातं, तिथेच त्याची चव कळते.

लसणाचं तेल बाटलीत भरून ठेवावं का?

‘गाम्बास आल आहीयो’ म्हणजे लसणाच्या तेलातली कोळंबी. ती पाच मिनिटांत होते. अर्धी वाटी तेलात सात-आठ पाकळ्यांचे काप आणि एक सुकी मिरची मंद आचेवर घाला. लसूण किंचित सोनेरी झाला की आच वाढवून सोललेली, कोरडी केलेली कोळंबी टाका. दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी आणि अपारदर्शक होते. लगेच उतरवा आणि पावासोबत द्या.

चव इतकी आवडते, की अनेक जण लसूण घातलेलं तेल बरणीत भरून ओट्यावर ठेवतात. हे करू नका. लसूण जमिनीखाली वाढतो आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणात आम्लता कमी असते आणि ओट्यावर ऊब असते. या जिवाणूला विष तयार करायला एवढंच लागतं. वास किंवा रंग बदलेलच असं नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्तराँमधल्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला होता. या आजारात स्नायू लुळे पडतात आणि श्वास घेणंही अवघड होतं.

मग आपलं लसणाचं लोणचं कसं टिकतं? कारण त्यात भरपूर मीठ आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर असतं. 4.6 पेक्षा कमी पीएच असलेल्या आंबट मिश्रणात हा जिवाणू वाढत नाही. नुसत्या तेलाला हे संरक्षण नाही. त्यामुळे लसणाचं तेल लागेल तेवढंच करा. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा, नाहीतर फेकून द्या.

‘पिमेंतोन’ला पर्याय काय?

स्पॅनिश पदार्थांचा तो धुरकट, लालसर स्वाद पिमेंतोनचा, म्हणजे तिथल्या लाल मिरचीपुडीचा. एक्स्त्रेमादुरातल्या ला वेरा खोऱ्यात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात. ती गोडसर, मध्यम आणि तिखट अशा तीन प्रकारांत मिळते. नसेल तर बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड घ्या. दोन्हींत रंग जास्त आणि तिखटपणा बेताचा असतो. धुराचा वास हवा असेल तर तयार सॉसला कोळशाची धुरी द्या.

याच पुडीवर ‘पातातास ब्राव्हास’ उभा आहे. बटाट्याच्या फोडी आधी मंद आचेवर शिजेपर्यंत आणि मग तेल कडक तापवून कुरकुरीत होईपर्यंत अशा दोनदा तळतात. माद्रिदच्या जुन्या पद्धतीच्या सॉसमध्ये टोमॅटो नसतो. दोन चमचे तेलात बारीक कांदा परता, चमचाभर मैदा भाजा. पॅन आचेवरून उतरवून दोन लहान चमचे मिरचीपूड घाला, कारण ती करपली की कडू होते. लगेच वाटीभर गरम पाणी किंवा भाज्यांचं सूप ओता, घट्ट होईपर्यंत उकळा आणि शेवटी व्हिनेगरचे थेंब टाका.

शाकाहारी घरात तापास जमेल का?

चांगलंच जमेल. कॅथलिकांच्या उपासकाळात मांस वर्ज्य असल्यानं स्पेनमध्ये बिनमांसाचे पदार्थ भरपूर आहेत. सेव्हियाचा ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ म्हणजे पालक आणि काबुली चणे. पावाच्या दोन स्लाइस आणि चार लसूण पाकळ्या तेलात तळून, जिरं, मिरचीपूड आणि चमचाभर व्हिनेगर घालून वाटा. हे वाटण दोन वाट्या शिजलेले चणे आणि परतलेल्या पालकात मिसळून दहा मिनिटं शिजवा. आपण दाटपणासाठी खोबरं किंवा कूट घालतो, तिथे पाव घालतात, इतकंच.

कातालोनियातलं ‘पान कोन तोमाते’ त्याहून सोपं. पाव भाजायचा, लसूण चोळायचा, पिकलेला टोमॅटो अर्धा करून त्यावर घासायचा, मग मीठ आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची धार. मऊ लादीपाव मात्र लगेच ओला होतो. त्याऐवजी ब्रून पाव किंवा गोव्यातला उंडो घ्या. चीज आणणार असाल तर लक्षात ठेवा, पारंपरिक मँचेगोसाठी प्राणिज रेनेट वापरतात. लेबल बघूनच घ्या.

गोव्यातलं चोरीस वापरलं तर?

चालेल, पण चव वेगळी येईल. गोव्याचं चोरीस पोर्तुगीज ‘शोरिसू’तून आलं आणि इथल्या मिरचीनं, माडाच्या व्हिनेगरनं ते तिखट-आंबट झालं. स्पॅनिश चोरिसो पिमेंतोनमुळे धुरकट आणि बहुधा सौम्य असतं. शिवाय वाळवून मुरवलेलं स्पॅनिश चोरिसो काप करून तसंच खातात, गोव्याचं मात्र नीट शिजवूनच खायचं. बाकी नातं जुनंच आहे. बटाटा, टोमॅटो आणि मिरची हे तिन्ही अमेरिका खंडातून आले. स्पेनच्या ताटात ते स्पॅनिश जहाजांतून पोहोचले, तर आपल्याकडे त्यांना पोर्तुगीजांनी आणलं. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच.

सहा जणांसाठी बेत कसा आखावा?

तोर्तिया आणि पालक-चणे दुपारीच करून फ्रिजमध्ये ठेवता येतात, वाढण्याआधी नीट गरम करा. ब्राव्हासचा सॉस आणि बटाट्याची पहिली तळणी पाहुणे येण्याआधी उरका. दुसरी तळणी, कोळंबी आणि टोमॅटो-पाव ऐन वेळी. तीन गरम, दोन थंड पदार्थ पुरेत. बाहेरून आणायचं झालं तर एक छोटी बाटली चांगलं तेल आणि थोडी ऑलिव्ह आणा, बाकी सगळं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे आणि वाण्याकडे मिळतं. दोन-तीन अंड्यांत सहा जणांना पुरवणाऱ्या त्या शेतकरी बायकांकडे तर एवढंही नव्हतं.